बनगरवाडी बघायला गेलो, आणि…

बोरीबाभळी

लग्न सांगोल्यात होतं. साडेबाराचा मुहूर्त, अडीचपर्यंत पंगती उरकल्या आणि परतीची गाडी रात्रीची. मधल्या वेळात मंगल कार्यालयातल्या फॅनखाली लोळण्यापेक्षा आतेभावाची मोटरसायकल काढली आणि आटपाडीचा रस्ता धरला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर किती वेळा वाचली ते मोजलेलं नाही. ही वाडी म्हणजे आटपाडी तालुक्यातली लेंगरवाडी, असं तिकडचे लोक सांगतात. म्हटलं, बघून तर येऊ.

डोक्यात काय होतं, तर उघडंबोडकं माळरान, बोरी-बाभळी (आयडी तिथूनच आलाय), धुरळा उडवत येणारी मेंढरं आणि नव्या नोकरीवर रुजू व्हायला पायी निघालेला पोरसवदा मास्तर. दिसल्या काय, तर डाळिंबाच्या बागा. ठिबकच्या काळ्या नळ्या, शेततळ्यात अंथरलेला कागद उन्हात चमकतोय, मधेच चक्क ऊस. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी माणदेशात नेलंय हे पेपरात कितीदा वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि त्या उसापाशी गाडी थांबवून उभं राहणं वेगळं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याची लाज वाटली. माझ्या पुस्तकासाठी या लोकांनी अजून कोरडंच राहायचं काय?

एका लिंबाखाली म्हातारबाबा बसले होते. डोक्याला पटका, मांडीवर मोबाईल. विचारलं, "बाबा, बनगरवाडी म्हणजे हीच का?"

"पुस्तकातली व्हय? ती पुस्तकातच हाय की."

मेंढरांचं विचारलं तर म्हणाले, "मेंढरं कुठली आता. पोरांनी इकली. बागंवर औशिदं मारायची का मेंढरामागं हिंडायचं?" मग वर बघून स्वतःशीच बोलल्यासारखं, "यंदा मिरगानं दगा दिला. पर आद्रानं सावरलं."

गाडीवर परत येताना हेच वाक्य डोक्यात घोळत होतं. पाणी आता कालव्याचं आहे, फवारणीचं वेळापत्रक फोनवर येतं, पण बाबांचा हिशेब अजून नक्षत्रांचा. मी शोधत होतो तो देखावा गेलाय. माडगूळकर ज्या माणसांचं लिहीत होते त्यांची मोजायची रीत मात्र लिंबाखाली बसून होती.

म्हणून हा धागा. लेखक आपलं गाव पुस्तकात आणतो म्हणजे नक्की काय आणतो? माडगूळकरांचा जन्म १९२७चा, माडगुळ्याचा. कादंबरी आली १९५५ला, आणि पुढची सगळी वर्षं पुण्यात आकाशवाणीची नोकरी. म्हणजे गावात राहून गावावर लिहिलं असंही नाही. तुमच्या भागातल्या लेखकांचं काय? नुसत्या याद्या नकोत, काहीतरी सांगा.

रिकामटेकडा

"पुस्तकातली व्हय? ती पुस्तकातच हाय की." धागा खरं तर इथेच संपला. बाबांना पुढच्या संमेलनाचं अध्यक्षपद द्या आणि आपण सगळे जेवायला जाऊ.

खाडीकाठ

छान लिहिलंय. देखावा आणि हिशेब हा फरक आवडला, कारण आमच्या कोकणावर देखाव्याचा फार अन्याय झालाय. कोकण म्हटलं की माड, समुद्र, लाल माती, फणस. कॅलेंडरवरचं कोकण.

माझं आजोळ दापोली तालुक्यात, आसूदच्या अलीकडे. श्री. ना. पेंडशांचं मुर्डी तिथून अगदी जवळ. पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले, नोकरी बेस्टमध्ये केली आणि 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू' अशा एकामागून एक कादंबऱ्या याच टापूत घडवत राहिले. मी 'गारंबीचा बापू' कॉलेजात असताना मुंबईतच वाचली. तेव्हा बापू आणि राधा एवढंच दिसलं. वय तसं होतं.

पुढे 'तुंबाडचे खोत' वाचायला घेतली. दोन खंड, १९८७ची. जगबुडीकाठचं तुंबाड, खोतांच्या पिढ्या. वाचताना पहिल्यांदा कळलं की आजोळी जे मी पाहत होते ते झाडं आणि समुद्र नव्हतंच. कोण कुणाच्या अंगणात चप्पल घालून जातो, कोण पायरीखाली उभा राहतो, कुणाला 'अहो' आणि कुणाला 'अरे', हे सगळं जमिनीवरून ठरलेलं होतं. सरकार आणि कूळ यांच्यामधे खोत. खोती कायद्यानं गेली १९४९मध्ये, मग १९५७ला कसेल त्याची जमीन. कागदोपत्री संपलं. आजोळच्या आळीत मात्र जमीन गेलेलं एक घर आणि मिळालेली तीन घरं अजून समोरासमोर आहेत. लग्नाचं आमंत्रण जातं, अक्षताही पडतात, पण जेवायला बसताना काहीतरी काम निघतं. आम्हा नातवंडांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. कादंबरीनं सांगितलं.

तेव्हा पेंडशांनी गावातून काय उचललं, तर हे. माड कुणीही लिहील.

पानकोंबडी

तुंबाड म्हटलं की आमच्या घरातली पोरं 'हस्तर' करून ओरडतात. सिनेमानं नाव कादंबरीतून घेतलं, बाकी काही नाही, हे सांगून सांगून थकले. एकाला चिडून दोन्ही खंड वाढदिवसाला दिले. अजून लॅपटॉपखाली आहेत, उंची बरोबर येते म्हणे.

मोटकरी

कागल भागातला. इथं आनंद यादवांचं नाव निघायलाच पाहिजे.

हिशेब म्हणालात ते बरोबरच आहे. पण माझ्या मते लेखक सगळ्यात आधी उचलतो ते कामाचे शब्द. 'गोतावळा' (१९७१) बघा. सांगणारा नारबा, मळ्यावरचा गडी. माडगूळकरांनी निवेदन प्रमाण भाषेत ठेवलं आणि माणसं बोलायला लागली की बोली. यादवांनी निवेदनसुद्धा नारबाच्याच तोंडचं ठेवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. पुण्यातल्या माझ्या मित्रानं तीस पानांत पुस्तक खाली ठेवलं. मी तीस पानांत आमच्या मळ्यात पोचलो होतो. ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर दावणीवरून जातं, एवढीच गोष्ट. पण जनावराबरोबर शब्द जातात हे मला त्या पुस्तकानं दाखवलं.

उदाहरण देतो. माझे आजोबा ८४ वर्षांचे. तरुणपणी मोट हाकलेली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली हत्तीसारखी सोंड. बैल उतरणीवरून पुढं चालत गेले की मोट भरून वर येते. ती उतरण म्हणजे धाव. पिशवीच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा. मोट वर आली की सोंड आपोआप खाली ओढली जाते आणि पाणी भस्सकन ज्यात पडतं ते थारोळं. तिथून पाटात. मग बैल उलट पावली मागं सरत वर यायचे. आजोबा म्हणतात पुढं कुणीबी जाईल, मागं सरायला शिकीवणं हीच खरी कला.

सोंडेला बांधलेला दुसरा एक दोर असतो, नाड्यापेक्षा बारीक. त्याला एक नाव आहे. काल रात्री धागा वाचून आजोबांना विचारलं. ते बोलायला गेले आणि थांबले. "अरं हेच की ते…" म्हणत हातानं दोर ओढून दाखवला. शब्द काही येईना. वीस वर्षं रोज हातात धरलेल्या दोराचं नाव. विहिरीवर मोटर बसली आणि पन्नास वर्षांत तो शब्द उच्चारायची वेळच आली नाही.

रिकामटेकडा

मला माहीत आहे. सांगू?

मोटकरी

नको. कोशात मलाही सापडेल. आजोबांना आठवू दे.

तावडी

मोटेचा विषय निघालाच आहे तर आमच्या बहिणाबाई. आसोद्याची लेक, जळगावला दिलेली. एका विहिरीवरच्या दोन मोटांवर तिचं गाणं आहे, 'मोट हाकलतो एक'. विहीर म्हणायची नाही हं, येहेर. आमच्याकडे अजून जुन्या बायका येहेरच म्हणतात.

बोरीबाभळींचा प्रश्न आहे लेखक गावातून काय उचलतो. बहिणाबाईला हा प्रश्न विचारला असता तर तिला कळलाच नसता. ती काही उचलायला गावाबाहेर गेली कुठे? लिहिता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या, तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या मंडळींनी टिपून ठेवल्या. ती गेली १९५१ला, पुस्तक आलं १९५२ला. प्रस्तावना अत्र्यांची. म्हणजे तिनं आपलं पुस्तक पाहिलंही नाही.

उलट उदाहरण महानोर. शिकले-सवरलेले, 'रानातल्या कविता' १९६७ला आली, सगळीकडे नाव झालं. तरी पळसखेडं सोडलं नाही, शेती सोडली नाही. विधान परिषदेतही शेती आणि पाण्यावरच बोलले. २०२३ला गेले. तेव्हा दूर गेल्याशिवाय गाव दिसत नाही, हा जो सूर लागतोय तो सरसकट खरा नाही.

ठेचाभाकर

मी केव्हाचा पाहून रायलो, कोनी 'धग'चं नाव घेते का नाई. एकाचीबी जीभ वळली नाई बाप्पा! पुन्या-कोकनाच्या पुढे महाराष्ट्र हाय ना?

(आता सगळ्यांना समजावं म्हणून प्रमाण भाषेत लिहितो, नाही तर पुन्हा अर्थ विचारत बसाल.)

उद्धव शेळके, 'धग', १९६०. कौतिक नावाची बाई, नवरा महादेव शिंपी, पोरं, आणि रोजची चूल. कादंबरीत निसर्गवर्णन शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. वऱ्हाड म्हणून कापसाचे पांढरे ताटवे वगैरे नाहीत. घरात आज काय शिजणार, एवढाच प्रश्न पानोपानी. आणि तरी ती फक्त वऱ्हाडातच घडू शकते, कारण ती बाई ज्या ठसक्यात भांडते, ज्या ठसक्यात गिळते, तो ठसका दुसरीकडचा नाही.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. बारावीच्या सुट्टीत मी तिला रोज दुपारी 'धग' वाचून दाखवायचो, ती तुरीची डाळ पाखडत बसायची. चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सूप खाली ठेवून म्हणाली, "हे लिवनारा मानूस बाई व्हता का रे?" मी म्हटलं, नाही, माणूस. "मंग त्याले इतलं कसं ठाव?"

शेळक्यांना मिळालेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पानकोंबडी

ठेचाभाकर, तुमच्या आजींचा प्रश्न वाचून मी अर्धवट राहिलेली 'धग' उद्याच ग्रंथालयातून परत आणणार.

ओढ्यापलीकडची

तीन दिवस नुसती वाचतेय. लिहू की नको, असं चाललं होतं.

सहावीत आम्हाला 'माझे गाव' निबंध होता. मी मन लावून लिहिला. गावाच्या मधोमध पिंपळाचा पार आहे, संध्याकाळी पारावर गप्पा रंगतात, मारुतीच्या देवळात भजन होतं, नदी झुळुझुळु वाहते. बाईंनी 'छान' लिहिलं. घरी येऊन आजीला वाचून दाखवला. आजीनं शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "पारावर तू कवा बसलीस गं?"

बसले नव्हते. आमचं घर ओढ्याच्या पलीकडे. पार मी येता-जाता बघितलेला. निबंधातलं गाव पाठ्यपुस्तकातलं होतं, आणि ते पुस्तकात लिहिणारे सगळे पारावर बसलेले.

'बलुतं' (१९७८) मी खूप उशिरा वाचलं, नोकरी लागल्यावर. दया पवारांचं गाव नगर जिल्ह्यातलं धामणगाव, आणि दुसरं गाव मुंबईतला कावाखाना. त्या पुस्तकात गाव येतं ते कामाच्या यादीतून. कुणाचं मेलेलं ढोर ओढायचं, कुणाचा सांगावा न्यायचा, आणि त्याबदली सुगीत काय मिळायचं. इथे वर 'हिशेब' शब्द आलाय ना, बलुतं हाच मुळात हिशेबाचा शब्द आहे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. राहिले घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत, आणि तिथे बसून वाटेगावचा 'फकिरा' लिहिला. त्यांनाही गावाची ओढ होती, नाही असं नाही. पण ती पाराची ओढ नव्हती.

मला 'बनगरवाडी' आवडते, गैरसमज नको. मात्र लेखक गावातून काय उचलतो या प्रश्नाआधी, लेखक गावात कुठे उभा होता, हे विचारायला हवं.

हायवेवाला

चांगला साहित्यावरचा धागा चालला होता. प्रत्येक ठिकाणी हे आणलंच पाहिजे का?

खाडीकाठ

हायवेवाला, वर मी खोत आणि कुळांवर अख्खा परिच्छेद लिहिला, तेव्हा तुम्हाला हे खटकलं नाही. आत्ताच खटकलं?

बोरीबाभळी

हायवेवाला, धागा माझा आहे, आणि आत्तापर्यंतचा मला सर्वात पटलेला प्रतिसाद तोच आहे. ओढ्यापलीकडची, लिहिलंत ते बरं केलंत. आजींचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतलाय. तुमच्या आणि ठेचाभाकरांच्या, दोन्ही आज्यांचे.

ओढ्यापलीकडची

:) आजी गेली. पण तिला आवडलं असतं. वहीत नाव गेलं म्हणून नाही, वहीत प्रश्न गेला म्हणून.

राईतला

मी कुडाळचा. आमच्या तळकोकणात या विषयावर एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जयवंत दळवी, जन्म १९२५. चिं. त्र्यं. खानोलकर, जन्म १९३०. दोघांचा मुलूख वेंगुर्ला-कुडाळचा. एका एसटीच्या अंतरातला. पाऊस तोच, पायवाटा त्याच, देवचार तेच, गाऱ्हाणी घालायची पद्धत तीच. आणि लिहिलेलं बघा!

दळव्यांच्या आरवलीत वेतोबाचं देऊळ आहे. त्या देवाला लोक केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा. वहाणा म्हणजे ह्या एवढ्या मोठ्या. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. लहानपणी आईबरोबर गेलो की मी तळवे वाकून बघायचो, खरंच झिजलेत का. दळवी अशा गावातून आले आणि 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये त्यांना दिसली एकेक वल्ली माणसं. वाचताना हसून पुरेवाट, आणि हसू ओसरलं की घशात काहीतरी अडकतं.

खानोलकरांनी कुडाळात खानावळ चालवली. गल्ल्यावर बसून कविता लिहिणारा माणूस. कोंडुरा हे वेंगुर्ल्याजवळ समुद्रकाठी खरोखरचं ठिकाण आहे, कुणीही जाऊन यावं. आम्ही पोरं तिथं जाऊन वडापाव खाऊन आलेलो. खानोलकरांनी त्याच नावाची कादंबरी लिहिली तिच्यातला कोंडुरा वाचला आणि पुन्हा तिथे गेलो तेव्हा संध्याकाळी सहाच्या आत परत निघालो. कुणी कबूल केलं नाही, पण सगळ्यांनाच घाई झाली होती.

म्हणजे गाव एकच. एकाला त्यात माणसांचे स्वभाव दिसले, दुसऱ्याला माणसाच्या मागे उभं असलेलं काहीतरी. तेव्हा 'प्रादेशिक लेखक' हे लेबल मला फारसं कामाचं वाटत नाही. प्रदेश सारखा, लेखक मात्र एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे.

तां रवांदे. कोणाक 'चानी' वाचूक होयी तर माझ्याकडे जुनी प्रत आसा.

भटकी जमात

आता मी जरा कडू घोट पाजतो. गो. नी. दांडेकर. जन्म परतवाड्याचा, म्हणजे ठेचाभाकरांच्या अमरावती जिल्ह्यातला. राहिले तळेगाव दाभाड्याला. आणि लिहिलं काय? 'पडघवली' कोकणातली, 'माचीवरला बुधा' राजमाचीवरचा, 'जैत रे जैत' कर्नाळ्याच्या ठाकरांवरचं. जन्मगावाचं नावनिशाण नाही यात.

मग 'आपलं गाव' कुठलं? आप्पांनी, म्हणजे गोनीदांनी, ते पायांनी मिळवलं. आम्ही ट्रेकवाले राजमाचीला जातो ते शनिवारी रात्री पोचून रविवारी मॅगी खाऊन उतरतो. ते तिथल्या माणसांच्या ओसरीवर झोपले. नाळ पुरली तिथलंच लिहिता येतं असं मानलं तर यांचं काय करायचं ते सांगा.

ठेचाभाकर

परतवाड्याचे हायेत म्हनजे आमचेच. कोकनवाल्याइले उसने देल्ले व्हते, वापस करा.

बुडीत

माझं गाव धरणात गेलं. मी चार वर्षांचा होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाची दगडी दीपमाळ वर येते, वडील दरवर्षी मे महिन्यात बघायला जातात. आम्हाला मिळालेल्या वसाहतीत गल्ल्यांना नंबर आहेत, नावं नाहीत. वडील मात्र अजून 'वरली आळी', 'खालची आळी' म्हणतात. वसाहत सपाटीवर आहे, तिथे वर-खाली काहीच नाही.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) आमच्या घरात सगळ्यांनी वाचली. कादंबरी म्हणून नाही, आपला निकालाचा कागद वाचावा तशी. आणि अलीकडे कृष्णात खोतांची 'रिंगाण', जिला २०२३चं साहित्य अकादमी मिळालं. बुडालेल्या गावाकडे मागे राहिलेली म्हस, आणि तिला आणायला परत गेलेला माणूस. ती मी रात्री वाचून संपवली आणि वडिलांना दिली नाही. कपाटात मागे ठेवलीय.

पानकोंबडी

बुडीत, यावर काय लिहावं कळेना. फक्त वाचलं एवढं सांगायला आले.

रिकामटेकडा

मी थट्टा करत होतो धाग्याची, आता गप्प. एकच भर टाकतो. नेमाड्यांनी तर लपवाछपवीच ठेवली नाही. स्वतःचं गाव सांगवी, 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर. शिक्षणासाठी पुण्यात आला, पण आडनावातून गाव काही गळून पडलं नाही. आपल्यातले निम्मे लोक असेच आहेत. माझ्या आडनावातल्या गावात मी आजवर एकदा गेलोय, तेही कुलदैवताला जाताना चहाला थांबलो होतो.

बोरीबाभळी

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन रात्री जागून 'बनगरवाडी' पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. माळरान, बोरी-बाभळी कुठे कुठे येतात त्या जागी टिंब देत गेलो. मला वाटलं होतं पान-पान भरून माळ असेल. इतका नाही! जिथे येतो तिथे दोन-तीन ओळी, आणि लगेच कुणीतरी माणूस बोलायला लागतो. उरलेला माळ नववीतल्या मीच भरला होता म्हणायचा.

मग जागा कशानं भरलीय? कारभारी पोरं शाळेत धाडायची की नाही ते ठरवतो. वाडीत तालीम बांधायची ठरते, वर्गणी गोळा होते, आणि औंधाचा राजा ती उघडायला येतो. एवढ्याशा संस्थानात राजा मेंढक्यांच्या वाडीवर येऊ शकतो, हे दुसऱ्या कुठल्या भागात घडलं असतं? व्यायामाचं वेड असलेला राजा होता म्हणून तालमीला मान. आणि तो शेकू, बैलाची जोडी पुरी पडत नाही म्हणून त्याची बायको औताला खांदा लावते. नववीत मी त्या पानावरून पुढे सरकलो होतो. आता सरकवेना. बैल, पाऊस, पेरणीचे दिवस, सगळा हिशेब एका बाईच्या खांद्यावर येऊन थांबतो, आणि माडगूळकर एक शब्द जास्त बोलत नाहीत.

ओढ्यापलीकडचीच्या प्रश्नावरही विचार केला. माडगूळकर कुठे उभे होते? बाहेरून वाडीवर आलेला मास्तर म्हणून. आतले नाहीत, आणि आत आहोत असं सोंगही घेत नाहीत. मास्तर शेवटी वाडी सोडतो, कारण वाडीच जगायला बाहेर पडते. मला वाटतं, हे प्रामाणिक आहे. पण यावर अजून पक्कं मत नाही.

एक खासगी भर. वडिलांना विचारलं, मेंढरं रात्री कोंडायला जाळं लावतात त्याला काय म्हणतात. वडील ४० वर्षं ठाण्यात. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "वाघूर." मग टीव्ही बंद केला आणि साडेअकरापर्यंत बोलत होते. शेतात मेंढरं बसवायला कोण यायचं, बदल्यात धान्य किती द्यायचं, कुत्र्याचं नाव काय होतं. एवढं बोलताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. आई दोनदा उठून आत जाऊन आली.

राईतला

कुत्र्याचं नाव काय होतं?

बोरीबाभळी

वाघ्याच. दुसरं काय असणार!

मोटकरी

काल रात्री दीड वाजता आजोबांनी मला हलवून उठवलं. मी घाबरलो, म्हटलं दुखतंय का काय. खाटेवर उठून बसले होते, काठी शोधत होते.

"सोंदूर," म्हणाले. "नाडा न् सोंदूर. जा, झोप आता."

रिकामटेकडा

हेच. हेच मला माहीत होतं. पण असं नव्हतं माहीत.